प्रोफाइलमध्ये सर्वनाम लिहावे का, आणि मराठीत ते कसे लिहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेच्या अंतर्गत प्रोफाइलमध्ये आणि व्यावसायिक संकेतस्थळावरील खात्यात 'सर्वनामे' असा नवा रकाना आला आहे, तो भरावा का, भरायचा असल्यास इंग्रजी सर्वनामे लिहावीत की मराठी, आणि रिकामा ठेवला तर त्याचा कोणी भलता अर्थ काढेल का. प्रश्नकर्त्यांच्या विभागात हा रकाना सर्वांना सक्तीचा करावा असाही प्रस्ताव आला आहे आणि त्यावर त्यांना लेखी मत द्यायचे आहे. प्रोफाइलचे आराखडे आणि पडद्यावर दिसणारा मराठी मजकूर तयार करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या चारही प्रश्नांशी माझा वारंवार संबंध येतो.

थेट उत्तर असे. रकाना असावा, पण तो ऐच्छिक असावा. तो कोणाला दिसणार हे भरण्याआधी तपासावे. मराठीत नुसते सर्वनाम लिहून काम भागत नाही, सोबत क्रियापदाचे रूपही द्यावे. आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ 'रकाना रिकामा आहे' एवढाच घ्यावा.

या विषयावरचे बरेचसे वाद एका गैरसमजातून सुरू होतात. सर्वनामाचा रकाना म्हणजे स्वतःच्या ओळखीची जाहीर घोषणा, असे समजून काही जण तो अभिमानाने भरतात आणि काही जण त्याच कारणाने त्याच्यापासून चार हात दूर राहतात. प्रत्यक्षात त्या रकान्याचे काम पुष्कळ मर्यादित आहे. माझ्याविषयी तिसऱ्या व्यक्तीशी बोलताना किंवा लिहिताना कोणते व्याकरण वापरावे, याची ती वाचणाऱ्यासाठी दिलेली सूचना आहे. ज्या व्यक्तीने 'ती' असे लिहिले आहे, तिने आपल्या कागदपत्रांवर काय आहे, आपला लैंगिक कल कोणता, आपल्या शरीराची कथा काय, यांपैकी काहीही सांगितलेले नाही, आणि ते विचारण्याचा परवानाही दिलेला नाही. ही मर्यादा एकदा मान्य केली की रकाना भरणे आणि न भरणे या दोन्ही गोष्टी पुष्कळ हलक्या होतात.

हा रकाना व्याकरणाच्या अडचणीतूनच पुढे आला, याचा एक पुरावा जुना आहे. फेसबुकने 2008 मध्ये वापरकर्त्यांना स्त्री किंवा पुरुष यांपैकी एक निवडण्याचा आग्रह धरला, तो मुख्यतः वाक्ये नीट बसत नव्हती म्हणून. इंग्रजीत ती ओबडधोबड वाटत होती आणि इतर भाषांत लिंग ठाऊक नसल्यामुळे अनुवाद गोंधळाचे होत होते. पुढे 2014 मध्ये त्याच कंपनीने लिंगाचे अनेक पर्याय खुले केले आणि सर्वनामाची निवड त्यापासून वेगळी ठेवली. 2021 हे वर्ष या बाबतीत विशेष गजबजलेले होते: लिंक्डइन, इन्स्टाग्राम आणि झूम या तिन्हींनी त्या एका वर्षात सर्वनामांसाठी स्वतंत्र जागा दिली. त्याच्या थोडे आधी, 2019 मध्ये, एका व्यक्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी 'दे' (they) या सर्वनामाला मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने वर्षाचा शब्द ठरवले होते आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीने तो वापर अधिकृतपणे स्वीकारला होता.

रकाना भरण्याची कारणे माणसागणिक वेगळी असतात. ज्यांचे नाव किरण किंवा शशी आहे, किंवा जे केवळ आद्याक्षरांनी ओळखले जातात, त्यांच्यासाठी ही निव्वळ सोय आहे. दूरच्या देशातील सहकाऱ्याला तर सुहास हे नाव स्त्रीचे की पुरुषाचे हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो. ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) आणि नॉन-बायनरी (स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणाऱ्या) व्यक्तींसाठी हा रकाना प्रत्येक नव्या ओळखीच्या वेळी तोच खुलासा पुन्हा करण्याचा त्रास वाचवतो, आणि तो त्रास किती असतो हे ज्याला कधी करावा लागला नाही त्याला सहसा जाणवत नाही. तिसरा गट, ज्यांच्याविषयी कोणाचा गोंधळ होण्याची शक्यता नाही, पण इतरांनी एकटे पडू नये म्हणून तो भरतो. या तिसऱ्या कारणाची 'नुसता देखावा' म्हणून थट्टा होते आणि ती थट्टा नेहमीच निराधार असते असे नाही. पण संपूर्ण यादीत केवळ दोघांनीच रकाना भरलेला असेल तर त्या दोघांकडे बोट दाखवले जाते आणि निम्म्यांनी भरलेला असेल तर कोणाकडेच नाही, हेही तितकेच खरे आहे.

न भरण्याची कारणेही तितकीच रास्त असू शकतात. आपल्या कामाचे मूल्यमापन आपण स्त्री आहोत हे कळण्याआधी व्हावे असे एखाद्या अभियंता स्त्रीला वाटू शकते. एखादी व्यक्ती अजून स्वतःशीच विचार करत असते आणि तिला आज काही लिहायचे नसते. एखादी व्यक्ती मित्रांना एक सांगते, घरी दुसरे आणि कार्यालयात काहीच नाही. काहींना ही पद्धतच मान्य नसते. यांपैकी कोणते कारण खरे आहे हे विचारण्याचा अधिकार रकाना तयार करणाऱ्याला नाही.

म्हणूनच सक्तीच्या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि लेखी मत द्यायचे असल्यास त्यात हेच कारण सर्वांत वर ठेवावे: सक्तीमुळे ज्यांच्या सोयीसाठी रकाना आणला त्यांचीच सर्वांत जास्त कोंडी होते. ज्या व्यक्तीने अजून कोणालाही सांगितलेले नाही, तिच्यापुढे दोनच वाटा उरतात, एक तर खोटे लिहायचे किंवा तयारी नसताना उघड व्हायचे. बाकीच्यांचे फारसे काही बिघडत नाही, त्यामुळे प्रस्ताव मांडणाऱ्यांना ही अडचण दिसतही नाही. 'सांगू इच्छित नाही' असा पर्याय देऊन रकाना सक्तीचा ठेवणे हा तोडगा सुचवला जातो, पण तो पर्याय प्रोफाइलवर जसाच्या तसा छापून येत असेल तर रिकाम्या जागेपेक्षा तो अधिक लक्ष वेधतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 9 जानेवारी 2025 रोजी दिलेला एक निर्णय इथे उपयोगी पडतो. फ्रान्समधील रेल्वे कंपनीकडून ऑनलाइन तिकीट घेताना 'श्रीमान' किंवा 'श्रीमती' या अर्थाचे संबोधन निवडणे बंधनकारक होते. तिकीट देण्यासाठी ही माहिती अपरिहार्य नाही आणि आवश्यक तेवढीच माहिती गोळा करण्याच्या तत्त्वाला ते धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्रकरण संबोधनाचे होते, सर्वनामाचे नव्हे, पण कसोटी तीच लागू होते: ही माहिती नसेल तर नेमके कोणते काम अडते?

सक्ती उलट दिशेनेही होऊ शकते. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतील अनेक संघराज्य सरकारी खात्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना ईमेलखालच्या सहीतून सर्वनामे काढून टाकण्याचा आदेश दिला. ज्यांनी ती आधी कार्यालयाच्या प्रोत्साहनानेच लिहिली होती, त्यांना ती आदेशाने पुसावी लागली. धोरणे बदलतात, वरिष्ठ बदलतात, पण एकदा लिहिलेल्या गोष्टीचे स्क्रीनशॉट आणि शोधयंत्रांनी साठवलेल्या प्रती राहून जातात. त्यामुळे 'सध्याचे वातावरण चांगले आहे' हे रकाना भरण्याचे पुरेसे कारण मानू नये; वातावरण बदलले तरी ही माहिती उघड असल्याचे आपल्याला चालणार आहे का, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा.

भरायचे ठरले तर प्रथम दृश्यतेची सेटिंग उघडावी. लिंक्डइनवर सर्वनामे केवळ आपल्या संपर्कातील लोकांना दाखवायची की सर्व सदस्यांना, हे ठरवता येते. इन्स्टाग्रामवर त्यांनी दिलेल्या यादीतून चारपर्यंत सर्वनामे निवडता येतात आणि ती फक्त अनुयायांपुरती मर्यादित ठेवता येतात. झूममध्ये प्रत्येक बैठकीत विचारावे, नेहमी दाखवावे किंवा दाखवू नये, असे पर्याय असतात. मला यांतील 'विचारावे' हा पर्याय सर्वांत समंजस वाटतो, कारण मंगळवारची विभागाची बैठक आणि गुरुवारची ग्राहकाची बैठक यांत बसलेली माणसे वेगळी असतात. आणखी एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रोफाइलमध्ये बदल केला की काही ठिकाणी संपर्कातील सर्वांना त्याची सूचना जाते. ती सूचना बंद करून मगच बदल जतन करावा. शिवाय एका ठिकाणचे खाते दुसरीकडे जोडलेले असेल तर नाव, छायाचित्र आणि सर्वनामे तिकडेही आपोआप उमटू शकतात. कार्यालयाच्या खात्याने जिथे जिथे प्रवेश केला आहे ती ठिकाणे एकदा नजरेखालून घालावीत.

आता मराठीकडे वळू, कारण खरी गुंतागुंत इथेच आहे आणि इंग्रजीतून आलेली मार्गदर्शक सूत्रे इथे अपुरी पडतात. इंग्रजीत लिंग मुख्यतः तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनामात दिसते. ते एक सांभाळले की बाकी वाक्य तसेच राहते. मराठीत मात्र क्रियापद आणि विशेषणही लिंग सांगतात, आणि तेही प्रथमपुरुषात. 'मी प्रकल्प व्यवस्थापन करतो' किंवा 'मी दोन संस्थांत काम केले आणि नंतर इकडे आले' असे परिचयात लिहिले की सर्वनामाचा रकाना रिकामा असला तरी माहिती देऊन झालेली असते. म्हणून ज्यांना ती माहिती द्यायची नाही, त्यांनी रकान्याआधी स्वतःचा परिचय तपासावा. 'मी काम करते' याऐवजी 'माझे काम अमुक क्षेत्रात आहे', 'मी शिकलो' याऐवजी 'मी शिक्षण घेतले', 'मी उत्सुक असतो' याऐवजी 'मला उत्सुकता असते' अशी रचना सहज करता येते. भविष्यकाळात तर अडचणच नाही; 'मी सांगेन', 'मी पाठवीन' ही रूपे सर्वांना सारखीच आहेत.

दुसऱ्याविषयी लिहिताना आदरार्थी बहुवचन बरेच काम करते, पण ते लिंगनिरपेक्ष आहे असे समजणे अर्धेच बरोबर आहे. 'ते आले' आणि 'त्या आल्या' यांत फरक स्पष्ट आहे. 'किरण हे' आणि 'किरण या' यांतही आहे. मात्र प्रत्यय लागला की फरक नाहीसा होतो: त्यांनी, त्यांना, त्यांचा, त्यांच्याकडे ही रूपे दोघांनाही चालतात. क्रियापदांतही करतात, करतील, आहेत ही रूपे समान आहेत, तर होते आणि होत्या, गेले आणि गेल्या, म्हणाले आणि म्हणाल्या ही वेगळी आहेत. एवढे हाताशी असले की परिचयाचा मजकूर बदलणे फार अवघड राहत नाही. समजा मूळ मजकूर असा आहे: 'किरण हे अनुभवी लेखापरीक्षक आहेत. ते यापूर्वी प्रशिक्षण विभागात होते. नव्या प्रणालीची गरज आहे असे ते तेव्हाच म्हणाले होते.' तोच मजकूर असा लिहिता येतो: 'किरण यांना लेखापरीक्षणाचा दीर्घ अनुभव आहे. यापूर्वी त्यांनी प्रशिक्षण विभागात काम केले. नव्या प्रणालीची गरज त्यांनी तेव्हाच बोलून दाखवली होती.' वाचणाऱ्याला इथे काही टाळले आहे असे जाणवत नाही. 'रुजू झाले' याऐवजी 'कार्यभार स्वीकारला', 'निवृत्त झाल्या' याऐवजी 'निवृत्ती घेतली', 'म्हणाले' याऐवजी 'सांगितले' एवढे तीन बदल केले तरी कार्यालयीन मजकुराचा मोठा भाग सुटतो.

हा मार्ग आदरार्थी लेखनापुरता आहे, हे मात्र सांगायला हवे. अरे-तुरेच्या बोलण्यात तो उपलब्ध नाही. 'तू कधी आलास' आणि 'तू कधी आलीस' यांत मधली वाट नाही, आणि 'अरे' म्हणायचे की 'अगं' हाही प्रश्न उरतोच. जिथे इतकी जवळीक आहे तिथे व्याकरणाच्या युक्त्या करत बसण्यापेक्षा सरळ विचारावे. जवळच्या माणसाला विचारता येत नसेल तर अडचण व्याकरणाची नाही.

इंग्रजीत 'दे' लिहिणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीत काय वापरावे, हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. त्याचे 'ते' असे परस्पर रूपांतर करू नये. 'ते' हे नपुंसकलिंगी एकवचन घेतले तर ते मूल, ते पिल्लू या वापरांमुळे मोठ्या माणसाला ते कमीपणाचे वाटू शकते. आदरार्थी बहुवचन घेतले तर 'ते आले' हे वाक्य वाचणारा पुरुषच समजतो. काही नॉन-बायनरी व्यक्ती तरीही 'ते' जाणीवपूर्वक निवडतात, आणि त्यात भाषेशी झगडा आहे असे नाही. स्त्री आणि पुरुष मिळून असलेल्या जोडीसाठी 'ती दोघं आली' असे नपुंसकलिंगी बहुवचन मराठीत पूर्वीपासून आहेच. काही जण मराठीत 'ती' किंवा 'तो' पसंत करतात आणि इंग्रजीत 'दे'. काहींना सर्वनामच नको असते, त्यांचे नाव पुन्हा लिहिलेले चालते. म्हणून दोन भाषांत वावरणाऱ्या व्यक्तीने शक्य असल्यास दोन्ही भाषांतील पसंती वेगवेगळी लिहावी, आणि मराठीतील नोंदीत सर्वनामासोबत एक क्रियापद द्यावे: 'त्या, आल्या' किंवा 'तो, आला' किंवा 'ते, आलं'. नुसते 'ते' लिहिले तर वाचणाऱ्यापुढे दोन अर्थ उरतात. 'ते, आलं' लिहिले की एकच उरतो. इंग्रजी सर्वनामे देवनागरीत लिहिण्याचा मोह मात्र टाळावा, कारण पुरुषवाचक इंग्रजी सर्वनाम देवनागरीत 'ही' असे दिसते आणि मराठी वाचक ते स्त्रीलिंगी म्हणून वाचून मोकळा होतो.

तिरकस रेघेने जोडलेली दोन वेगळी सर्वनामे, म्हणजे 'ती/ते' अशी नोंद दिसली, तर साधारणपणे दोन्ही चालतात असा अर्थ घ्यावा. पहिले अधिक पसंतीचे असते असे पुष्कळदा आढळते, पण तो नियम नाही.

ज्यांच्याकडे प्रणाली तयार करण्याचे काम आहे त्यांच्यासाठी थोडे वेगळे. सर्वनामाच्या रकान्यावरून लिंगाची नोंद किंवा लिंगाच्या नोंदीवरून सर्वनाम ठरवू नये. दोन्ही वेगळे ठेवावेत आणि लिंगाची नोंद खरोखर लागत नसेल तर ती घेऊच नये. रकाना केवळ दाखवण्यासाठी असेल तर मोकळा मजकूर चालतो. पण त्यावरून प्रणाली स्वतः वाक्ये बनवणार असेल, उदाहरणार्थ 'किरणने त्याचा फोटो बदलला', तर मोकळ्या मजकुरावरून योग्य रूप ठरवता येत नाही. तिथे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि निरपेक्ष अशा तीन रूपांची निवड द्यावी लागते. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी प्रणालीत अशी सोय आहे. सदस्याने आपल्या पसंतीत निवड केली की अनुवादकाने दिलेल्या रूपांपैकी योग्य ते निवडले जाते, आणि ही निवड ऐच्छिक आहे व ती सर्वांना दिसेल हे त्या निवडीपाशीच लिहिलेले असते. प्रत्येक प्रणालीने एवढा प्रामाणिकपणा दाखवायला हरकत नाही. अँड्रॉइडच्या 2023 मधील 14 व्या आवृत्तीतही वापरकर्त्याला कोणत्या व्याकरणिक लिंगाने संबोधावे हे ॲपला कळण्याची व्यवस्था आली. मराठीत संबोधनाची अडचण त्यामानाने कमी आहे, कारण 'तुम्ही आलात' सर्वांना चालते. फक्त 'तुम्ही नोंदणीकृत झाला आहात' अशी वाक्ये टाळून 'तुमची नोंदणी झाली आहे' असे लिहावे लागते. आणि वरच्या उदाहरणात 'किरण यांनी प्रोफाइल फोटो बदलला' असे लिहिले की निवडीची गरजच संपते. माझा अनुभव असा की सूचनांचा मजकूर एकदा नीट बसून लिहिला तर वापरकर्त्याला विचारण्याची वेळ फार थोड्या ठिकाणी येते. अनेक संस्था आधी रकाना तयार करतात आणि मजकूर तसाच ठेवतात, हा क्रम उलटा आहे.

दुसऱ्याच्या प्रोफाइलवर सर्वनाम लिहिलेले असेल तर ते वापरावे. त्यावर प्रशंसा, प्रश्न किंवा विनोद यांपैकी काहीही आवश्यक नाही. चुकून दुसरे रूप वापरले गेले तर तेवढे वाक्य दुरुस्त करून विषय पुढे न्यावा, कारण लांबलचक क्षमायाचनेने समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते. तिसऱ्याच्या हातून चूक झाली आणि संबंधित व्यक्ती तिथे नसेल, तर सर्वांसमोर फैलावर घेण्यापेक्षा योग्य रूप आपल्या पुढच्या वाक्यात वापरावे किंवा नंतर खासगीत सांगावे. मात्र एका ठिकाणी वाचलेले सर्वनाम दुसऱ्या ठिकाणी वापरण्याआधी थांबावे. एखाद्या सहकाऱ्याच्या मर्यादित वर्तुळापुरत्या खुल्या असलेल्या खात्यावर 'ते' लिहिलेले असेल आणि कार्यालयाच्या प्रोफाइलवर काहीच नसेल, तर कार्यालयीन पत्रात काय लिहायचे हे त्या व्यक्तीला एकट्यात विचारून घ्यावे.

रिकाम्या रकान्याचे काय, हा प्रश्न उरला. नावावरून किंवा छायाचित्रावरून तर्क करण्यापेक्षा पूर्ण नाव, 'यांनी', 'यांना' आणि वर दिलेली निरपेक्ष क्रियापदे वापरून पहिले पत्र लिहावे, 'श्री.' किंवा 'श्रीमती' न लावता 'स.न.' लिहून नावाने सुरुवात केलेली चालते. उत्तरात ती व्यक्ती 'मी पाठवते' किंवा 'मी कळवतो' असे लिहील तेव्हा त्या पत्रव्यवहारापुरती तरी तिची पसंती तिच्याच शब्दांत हाती आलेली असेल, आणि पुढच्या पत्रात तेच रूप चालवावे.